मनी प्लांटचं गोत्र

मनी प्लांट विकत आणलेलं लाभत नाही, ते चोरूनच आणावं लागतं, अशी महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाची श्रद्धा आहे. एरवी शेजाऱ्याच्या दारातलं वर्तमानपत्रही विचारल्याशिवाय न उचलणारी माणसं जिना उतरता उतरता दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून लोंबणारी फांदी टचकन खुडतात, मेथीच्या जुडीखाली सरकवतात आणि घरी येऊन रमच्या रिकाम्या बाटलीत घालतात. (घरात कोणी पीत नाही. बाटली कुठून आली हे विचारायचं नसतं.) ज्यांची फांदी गेली त्यांना ते कळतं. पण ते बोलत नाहीत, कारण त्यांची वेल जोशीकाकूंच्या गॅलरीतून आलेली असते, आणि जोशीकाकूंची कुठून आली हे त्यांना विचारायची कोणाची टाप नसते.

ही श्रद्धा बरोबर घेऊन माणूस पुण्याहून बंगळुरूला गेला तर निभावून जातं. उरायासूत निभावत नाही.

उरायासु हे चिबा प्रांतातलं, तोक्योला खेटून असलेलं आमचं गाव. तोक्यो डिस्नेलँड ज्याला म्हणतात ते तोक्योत नाही, इथे आहे, १९८३ च्या एप्रिलपासून. तोझाई लाइननं नदी ओलांडली की दोन स्टेशनांवर निशी-कासाई येतं. तिथे २००० सालच्या सुमारास भारतीय संगणक अभियंते राहायला आले, त्यांच्यामागून हिंग-पोहे आले, आणि २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निशी-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात निवडूनही आले. म्हणजे कढीपत्त्यापासून नगरसेवकापर्यंत सगळी सोय दोन स्टेशनांच्या आत. अडलं होतं फक्त मनी प्लांटचं.

जुन्या उरायासूत, होरिए आणि नेकोझाने भागात, जिथे पूर्वी कोळीवाडा होता, तिथल्या गल्ल्यांमध्ये लोक कुंड्या सरळ रस्त्यावर मांडून ठेवतात. ना जाळी, ना कुलूप, ना "कृपया फुले तोडू नयेत". आमच्या सासूबाई पहिल्यांदा त्या गल्लीतून गेल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतकी सोय आणि कोणी हात लावत नाही! जपानात हरवलेलं पाकीट नोटांसकट पोलीसचौकीत परत मिळतं, हे त्यांनी ऐकलं होतं. (पारदर्शक प्लॅस्टिकची छत्री मात्र गेली की गेली. त्याबाबतीत जपानी माणूस आपल्यासारखाच आहे.) पण रस्त्यावरच्या कुंड्या बघून त्या म्हणाल्या, "अगं, इथे चोरी करायची म्हणजे सरळसरळ चोरीच होईल की!"

नाशिकहून येताना फांदी आणायचा त्यांचा विचार होता. टूथब्रशच्या डबीत ओला कापूस, कापसात फांदी, डबी पर्समध्ये, पर्स मांडीवर, इथपर्यंत योजना पक्की होती. पण २०१८ च्या ऑक्टोबरपासून जपानात येणाऱ्या प्रवाशाजवळ रोप-फांदी असेल तर निघालेल्या देशाच्या सरकारनं दिलेलं आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि माती तर मुळीच आणता येत नाही. हे मी फोनवर सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आवाज आला, "मला गुडघ्यांचं सर्टिफिकेट मागितलं नाही कोणी. फांदीला लागतं?"

शेवटी शंभर येनच्या दुकानातून आणलं. शंभर येनच्या दुकानात एकशे दहा येन लागतात, वरचे दहा कराचे. लेबलवर 'पोतोसु' लिहिलेलं होतं. सासूबाईंनी पावती वाचायला मागितली, ती जपानी निघाली, तरी आकडा वाचला आणि म्हणाल्या, "पैशाचं झाड पैसे देऊन आणलंत. म्हणजे पहिल्याच दिवशी खड्डा."

त्यावर उपाय खालच्या मजल्यावरच्या आजींनी केला. त्यांच्या दिवाणखान्यात मनी प्लांटची वेल पडद्याच्या दांडीवरून भिंतभर फिरलेली आहे. सासूबाईंनी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर कोणत्याही भाषेत कळली असती. आजींनी कात्री आणली, दोन फांद्या कापल्या, ओल्या कागदात गुंडाळल्या, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर छानशी कागदी पिशवी, आणि पिशवीत एक बिस्किटाचा पुडा. आता जपानात भेट घेतली की परतभेट द्यावी लागते. आम्ही चिवडा दिला. त्यांनी सेनबेई नावाच्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या दिल्या. आम्ही बेसनाचे लाडू दिले. त्यांनी नाशी पेअरची पेटी पाठवली, आणि ती फळं काय भावानं मिळतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना आमची परिस्थिती कळेल. चोरलेल्या फांदीला एक पैसा पडत नाही. मिळालेल्या फांदीपायी आमचं दिवाळीचं बजेट श्रावणातच संपलं.

आणि एवढं होऊनही आजींच्या मते ते पैशाचं झाड नव्हतंच! पैशाचं झाड म्हणून त्यांनी खिडकीतली जाड, गुळगुळीत पानांची एक बुटकी कुंडी दाखवली. ते क्रॅसुला, मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. पाच येनच्या नाण्याला मधे भोक असतं. क्रॅसुलाच्या कोवळ्या कोंबावर ते नाणं ओवून ठेवायचं, कोंब भोकातून वर वाढतो, नाणं अडकून बसतं आणि झाडाला पैसे लागलेले दिसतात. ही युक्ती इथल्या माळ्यांनी विक्रीसाठी काढली. सासूबाईंना ती पद्धत पटली नाही. "यात झाड काय करतंय? पैसे तर आपलेच." पाच येनचे तीनेक रुपये होतात, हेही त्यांनी तेवढ्यात काढून ठेवलं होतं.

मग आमच्या घरी जे आलंय ते नेमकं काय, हा प्रश्न उभा राहिला. ह्यांनी फोन काढला. हल्ली कुठल्याही झाडापुढे फोन धरला की तो नाव सांगतो, आणि नाव सांगताना त्याचा आत्मविश्वास कुठल्याही प्राध्यापकाला लाजवील असा असतो. खिडकीच्या उजेडात फोटो काढला तर 'फिलोडेंड्रॉन' आलं. ट्यूबलाइटमध्ये काढला तर 'सिंडॅप्सस'. सासूबाईंचा अंगठा मधे आला तेव्हा तिसरंच काहीतरी.

यात फोनला हसण्यात अर्थ नाही. या एका वेलीनं मोठमोठे वनस्पतिशास्त्रज्ञ ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं घुमवलेले आहेत. १८८० साली लिंडेन आणि आंद्रे या दोघांनी तिला 'पोथोस ऑरियस' म्हटलं. जपानी लेबलवरचा पोतोसु तिथला. शास्त्रानं ते नाव कधीच सोडलं, दुकानदारांनी सोडलं नाही. १९०८ साली जर्मनीतल्या एंगलरनं सांगितलं, पोथोस नव्हे, हे सिंडॅप्सस. पुढची पन्नासएक वर्षं जगभरच्या दिवाणखान्यांत ती सिंडॅप्सस म्हणून सुखानं नांदली. १९६२ साली अचानक तिला फूल आलेलं पाहण्यात आलं. फूल तपासल्यावर बर्डसी नावाच्या शास्त्रज्ञानं जाहीर केलं, ही तर ऱ्हॅफिडोफोरा. लगेच, १९६४ च्या सुमारास, बंटिंग नावाच्या गृहस्थानं तेच फूल आणखी बारकाईनं पाहून सांगितलं, ऱ्हॅफिडोफोरा कसली, एपिप्रेम्नम. नंतर काहींनी तिला एपिप्रेम्नममधल्या दुसऱ्याच जातीत बुडवून टाकलं आणि पुढे पुन्हा बाहेर काढलं. आज ती 'एपिप्रेम्नम ऑरियम' आहे. आज म्हणजे हा लेख छापून येईपर्यंत.

लग्न जमवताना मुलाकडून आलेल्या कागदावर नाव, गाव, गोत्र सगळं असतं आणि प्रत्यक्ष चौकशी केली की तिन्ही चुकीचं निघतं, तसा हा मामला. गावही चुकलंच होतं. ही वेल सॉलोमन बेटांवरची असं पुष्कळ वर्षं मानत होते. खरं गाव निघालं मोओरेआ, फ्रेंच पॉलिनेशियातलं ताहितीशेजारचं छोटंसं बेट. म्हणजे डोंबिवलीच्या प्रत्येक गॅलरीत, प्रत्येक दंतवैद्याच्या प्रतीक्षालयात, बँकेच्या प्रत्येक काउंटरवर जी वेल आहे तिचं माहेर प्रशांत महासागरातल्या एका बेटावरच्या दमट जंगलात आहे. तिथे ती झाडाला मुळ्यांनी धरून वीस-वीस मीटर वर चढते आणि उंचावर तिची पानं हातभराहून मोठी, फाटलेली होतात. आपल्या बाटलीत तिची जी चिमुकली बदामी पानं दिसतात, ती तिच्या बालपणातली. बाटलीत ती म्हातारी झाली तरी बालवाडीतच राहते.

एवढे शास्त्रज्ञ चुकले ते कशामुळे, तर फूल नसल्यामुळे. फुलझाडांची जात ओळखायची ती फुलावरून. पान, रंग हे सगळं फसवं. आणि ही वेल फुलझाड असूनही फुलत नाही. लागवडीतल्या मनी प्लांटला आपोआप फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ ची आहे. त्यानंतर नेहरूंपासून आजपर्यंत इतके पंतप्रधान झाले, हिनं आपणहून एकदाही तोंड उघडलं नाही.

घराणं मात्र कुठल्याही वादात बदललं नाही. ही वेल अळवाच्या कुळातली. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांना प्रथमच तिच्याबद्दल आपुलकी वाटली. अळू, सुरण, पावसाळ्यात ठाण्याच्या बाजारात येणारी शेवळं, कुंडीतलं अँथुरियम, ही सगळी एकाच घरची भावंडं. फूल सगळ्यांचं एकाच धाटणीचं, मधे दांडा आणि त्याभोवती लपेटलेलं एक पान. आणि घराण्याचा गुणही एकच, खाज. पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांसारख्या बारीक कणांच्या जुड्या असतात, त्या घशाला टोचतात. म्हणून अळवाला चिंच, शेवळांना काकडं. मनी प्लांट कोणी खात नाही म्हणून त्याची खाज जगाला माहीत नाही, एवढंच. मांजर पाळणाऱ्यांना माहीत असते.

या बाबतीत जपानी लोक आपले जवळचे नातेवाईक ठरतात. सुरणाच्या चुलतभावापासून ते कोन्न्याकु नावाची राखाडी, थुलथुलीत वडी करतात, तिला चव नसते आणि तरी ती सगळ्यांना आवडते. अळूचे कंद 'सातोइमो' म्हणून इथल्या सुपरमार्केटात बाराही महिने असतात. कंद मिळतात पण पानं मिळत नाहीत, म्हणजे वडीचं साहित्य शेतातच राहतं आणि ज्याचं काय करायचं तो भाग पिशवीत येतो. सासूबाईंनी चालता चालता एका इमारतीच्या आवारात अळवासारखी भलीमोठी चकचकीत पानं हेरली आणि पर्समध्ये हात घातला. मी त्यांना ओढून नेलं. ते कुवाझुइमो असतं, शोभेचं. अळू समजून खाल्ल्यानं इथे विषबाधा झाल्याच्या घटना सरकार दरवर्षी सांगत असतं. त्यामुळे झाड ओळखता येणं हा नुसता हौसेचा विषय नाही. अळुवडीच्या बाबतीत तर अजिबात नाही.

आता ही जंगलातली वेल उरायासूत वाढवायची कशी? मुळात उरायासूत जंगल जाऊ दे, जमीनच नव्हती. कोळ्यांनी १९७१ साली मासेमारीचे हक्क सोडले, समुद्राच्या तळाची वाळू उपसून भराव घातला आणि गाव जवळजवळ चौपट झालं. २०११ च्या भूकंपात भराव घातलेली ती जमीन पातळ झाली. शहराच्या सुमारे ८६ टक्के भागाला त्याचा फटका बसला, रस्त्यातून चिखल वर आला, मॅनहोलंसुद्धा जमिनीतून डोकं काढून उभी राहिली. ताकासुच्या बागेत तसं वर आलेलं एक मॅनहोल आठवण म्हणून तसंच ठेवलंय. अशा गावात कुंडीत माती घालताना माणूस जरा नम्र असतो.

वरून बघितलं तर गाव उष्ण कटिबंधातलं वाटतं. शिन-उरायासूच्या रस्त्यांवर उंचच उंच पाम आहेत, डिस्नेलँडमध्ये जंगल क्रूझ आहे आणि त्यात हत्ती आंघोळ करतात. पण ते पाम थंडी सोसणाऱ्या जातीचे आणि हत्ती यंत्राचे. जानेवारीत पहाटे पारा दोन-तीन अंशांवर येतो तेव्हा ते हत्ती नेहमीच्याच उत्साहानं पाणी उडवत असतात. आमची वेल यंत्राची नाही. दहा अंशांखाली तिची पानं काळवंडायला लागतात.

बाल्कनीत ठेवावी तर तिथे सोसायटीचा कायदा. शेजारच्या आणि आमच्या बाल्कनीमध्ये एक पातळ फळी असते. आग लागली तर लाथ मारून ती फोडायची आणि पलीकडे जायचं. म्हणून फळीजवळ काही ठेवायचं नाही. उन्हाळ्यात इथे नाशिककरांना लाजवील असा घाम येतो आणि मनी प्लांटला ते फार मानवतं. आमची वेल त्या दिवसांत सरळ फळीवर चढली. दुसऱ्या आठवड्यात दारात पत्रक. नाव कोणाचं नाही, आरोप कोणावर नाही, फक्त एक गोड चित्र: एक कुटुंब धुरातून पळतंय आणि वाटेत एक वेल आहे. त्या वेलीला चित्रकारानं डोळेसुद्धा काढले होते.

हिवाळ्यात आत आणली तर हीटरनं हवा कोरडी होते, पानांची टोकं तपकिरी पडतात. शेवटी तिला जागा सापडली न्हाणीघरात. रात्री घरातले सगळे एकाच टबातल्या गरम पाण्यात आळीपाळीनं बसून उठले की त्यावर झाकण टाकतात. खोलीत उबदार वाफ कोंडलेली असते. मोओरेआचं जंगल उरायासूत हवं असेल तर ते दोन चौरस मीटरचं मिळतं आणि त्यात शाम्पूच्या बाटल्या असतात. फक्त ह्यांनी तिथलंच कपडे वाळवायच्या गरम हवेचं बटण दाबायच्या आत तिला बाहेर काढायचं असतं.

याच काळात ह्यांनी एक बातमी आणली की मनी प्लांट हवा शुद्ध करतं, आणि ते नासानं सांगितलंय. सांगितलंय खरं, १९८९ साली, बंद पेटीत प्रयोग करून. २०१९ साली दुसऱ्यांनी तो हिशेब खऱ्या घरांना लावला, तेव्हा खिडकी उघडल्याइतका फायदा व्हायला चौरस मीटरमागे दहा ते हजार झाडं लागतील असं निघालं. आमच्या घरात चौरस मीटर असे फार नाहीत. आहेत त्यात आम्ही राहतो. आम्ही खिडकी उघडली.

फुलाचा विषय सासूबाईंनी सोडला नव्हता. "देवाला वाहता येत नाही, केसात माळता येत नाही, कसलं फुलझाड?" त्याचं उत्तर २०१६ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांनी दिलंय. फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक ही वेल पुरेसं बनवतच नाही. त्यासाठी लागणारा एक जनुक गप्प बसलेला आहे. त्यांनी बाहेरून जिबरेलिन फवारलं आणि इतक्या वर्षांनी मनी प्लांट फुललं.

गंमत अशी की जिबरेलिन सापडलं जपानी माणसांनाच. भाताची रोपं उगाच उंच वाढून कोलमडतात, त्या रोगाला इथले शेतकरी 'मूर्ख रोप' म्हणत. १९२६ साली कुरोसावा एइइची यांनी तैवानात दाखवलं की हा एका बुरशीतल्या द्रव्याचा प्रताप आहे. १९३५ साली याबुता तेइजिरो यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिलं. मी हे सगळं मोठ्या उत्साहानं सासूबाईंना समजावत होते. त्यांनी मधेच विचारलं, "म्हणजे जीए?"

मी गोंधळले. मराठी माणसाला जीए म्हटलं की कथा आठवतात. पण सासूबाईंचं माहेर निफाडचं, तिथे जीए म्हटलं की द्राक्षं आठवतात. घड डब्यात बुडवायचे, मणी लांबतात, देठ मोकळा होतो. त्यांच्या भावाचं अर्धं आयुष्य जीए केव्हा द्यायचं आणि पाऊस केव्हा येणार या दोन चिंतांत गेलंय. जपानी शेतकरीही तेच करतो, डेलावेअर जातीच्या द्राक्षांचे घड त्याच औषधात बुडवून बिनबियांचे करतो. शास्त्रज्ञ २०१६ साली जिथे पोचले तिथे निफाड आधीच उभं होतं, फक्त हातात द्राक्षाचा घड होता.

"मग मार की जीए!" सासूबाई म्हणाल्या. होम सेंटरमध्ये ते औषध मिळतं. ह्यांनी पाकीट उलटसुलट करून सगळ्या पिकांची यादी वाचली. द्राक्षं होती, पोतोसु नव्हतं. जपानात यादीत नाही म्हणजे नाही. पाकीट परत शेल्फवर गेलं.

सासूबाईंना मात्र त्यातून भलताच दिलासा मिळाला. फूल नाही म्हणजे बी नाही. बी नाही म्हणजे जगातली सगळी मनी प्लांट फांद्यांपासूनच वाढलेली, एकाच वेलीचे तुकडे. नाशिकमधलं, जोशीकाकूंचं, खालच्या आजींचं आणि आमच्या न्हाणीघरातलं, सगळं एकच. "मग चोरी कसली?" त्या म्हणाल्या. "आपलीच फांदी आपण आणत होतो." इतकी वर्षं मनावर असलेलं ओझं विज्ञानानं असं उतरवलेलं मी प्रथमच पाहिलं. परत जाताना त्या आजींना सांगून गेल्या की आता नाशी पेअर पाठवायची काही गरज नाही. आजींनी ते नम्रपणा समजून दुप्पट पाठवली.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या घरच्या मनी प्लांटला फूल आलं तर ओरडू नका, आधी देठ बघा. देठाला वरच्या बाजूनं पन्हळ नसेल, देठ गोल असेल आणि नव्या पानाभोवती पातळ कागदी वेष्टन येऊन सुकत असेल, तर ते फिलोडेंड्रॉन आहे, आणि इतके दिवस तुम्ही चुकीच्या वेलीकडून पैशाची अपेक्षा करत होता. देठाला पन्हळ असेल, वेष्टन नसेल, पान जाड आणि जरा एकीकडे कललेलं असेल, आणि तरीही फूल असेल, तर मात्र फोटो काढा, जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना बोलवा, आणि ते येईपर्यंत कोणालाही फांदी तोडू देऊ नका.